दुपारच्या पाळीची खुर्ची

तीर्थस्वरूप वहिनींना,

समुद्रापलीकडून साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे सध्या अर्धाच घातलाय, उरलेला परत आल्यावर.) तब्येत कशी आहे? झोप लागते का? ‘मजेत’ असं लिहू नका. मागच्या पत्रात तेच लिहून खाली बारीक अक्षरात तुम्ही कळवलंत, की दादा गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही, आणि त्याची रिकामी आरामखुर्ची बघवत नाही म्हणून ती भंगारवाल्याला देणार आहात. त्या खुर्चीकडे येतोच, पण आधी माझे पराक्रम ऐका.

ज्या तरुण मुलामुलींचं मन थाऱ्यावर नाही, त्यांच्यासाठी इथल्या वस्तीत एक केंद्र आहे. मुलं येऊन बोलतात, आम्ही स्वयंसेवकांनी ऐकायचं. नियम एकच, सल्ला द्यायचा नाही. वहिनी, हे मला! ज्याने न्हाव्याला वस्तरा कसा धरावा ते शिकवलं (डाव्या कानामागची खूण तुम्ही पाहिली आहे) आणि तरी जो सुधारला नाही, त्याला! प्रशिक्षणात मी शहाण्यासारखा गप्प बसलो आणि शेवटी प्रशिक्षण कसं द्यावं याबद्दल केंद्राच्या बाईंना चार सूचना केल्या. बाईंनी हसून मला दुपारची पाळी दिली, कारण दुपारी तिथे चिटपाखरूही फिरकत नाही.

खोली मात्र सुरेख. पिवळा पडदा, त्यातून गाळून येणारं ऊन, समोरासमोर पण जराशा तिरक्या दोन खुर्च्या, आणि कुणाला घाई वाटू नये म्हणून मुद्दाम बंद ठेवलेलं घड्याळ. एके दिवशी एक मुलगी येऊन बसली. कानांवर ओढलेली लोकरी टोपी, म्हणून मनातल्या मनात मी तिचं नावच टोपी ठेवलं. ती बोलेना आणि मला बोलायची बंदी. जिभेवर सल्ल्यांची नुसती झुंबड, पण मी ओठ घट्ट मिटले. पोटात जेवण, पाठीवर ऊन. आपल्या घराण्यात जेवल्यावर पाठ टेकली की काय होतं ते तुम्हाला काय सांगायचं! पडदा हलला, खोली होडीसारखी किनाऱ्यावरून सुटली आणि वाहत वाहत थेट तुमच्या हॉलमध्ये आली. समोर दादा, तोंडावर पेपर. पेपर संथ वरखाली होतोय. मी विचारलं, ‘‘दादा, झोपलास?’’ पेपरखालून नेहमीचंच उत्तर आलं, ‘‘वाचतोय.’’

माझ्याच घोरण्याने मला जाग आली. दारात केंद्राच्या बाई उभ्या. म्हटलं, संपलं, आता गाशा गुंडाळा. पण बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या खुर्चीत टोपी गाढ झोपली होती, टोपी नाकावर घसरलेली. कित्येक रात्री पोरगी झोपलीच नव्हती. उठल्यावर लाजून म्हणाली, ‘‘उद्या पण येऊ? घरी सगळे सारखे विचारतात, झोप लागली का, झोप लागली का. मग कुठली लागतेय! तुम्ही काही विचारलंच नाहीत. आधी स्वतःच झोपलात.’’

तेव्हापासून दुपारी गर्दी असते. बाईंनी आणखी खुर्च्या मागवल्या आहेत. (आयुष्यभर इतके मौलिक सल्ले दिले, आणि कामाला काय आलं तर घोरणं!) परवा टोपी जागी झाली आणि आपणहून बोलायला लागली. पुष्कळ बोलली. मी एकही सल्ला दिला नाही. मला रडू आलं, वहिनी, आणि ते मी आवरलं नाही.

आपला आज्ञाधारक (हसू नका) धाकटा दीर

ता. क. – खुर्ची भंगारवाल्याला देऊ नका. तुमच्या खुर्चीसमोर जराशी तिरकी ठेवा. परत आलो की रोज दुपारी जेवून पलीकडच्या गल्लीतून येत जाईन. घोरण्याबद्दल तक्रार चालणार नाही, ते आता परदेशात नावाजलेलं आहे.

आणखी एक ता. क. – वर तुमच्या झोपेची चौकशी केली, ती मागे घेतो. पुन्हा विचारणार नाही. पेपर मात्र दोन घेऊन ठेवा. दारातून कुणी विचारलंच, ‘‘झोपलात का?’’, तर दोघांनी एकदमच म्हणायचं, ‘‘वाचतोय.’’