मांजरपाटाचा पिवळा खण

हिंगोली
चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६०

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या कौसल्येचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे, माझी प्रकृतीही ठणठणीत आहे (हे वाक्य शेवटी पुन्हा वाचावे लागेल). तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का?

आपले पत्र पोचले. कॉलेजात घातले ते शिकायला, गावच्या बायांना बाटलीत किडे दाखवत हिंडायला नव्हे, तेव्हा ते भगिनी मंडळ बंद कर, अशी आज्ञा वाचली. आज्ञा शिरसावंद्य असे लिहायला बसले होते, पण हात पुढे जाईना. मंडळ बंद होणार नाही.

मंडळ म्हणजे पुण्याच्या कॉलेजात एका वसतिगृहात राहिलेल्या आम्ही मैत्रिणी. संसार गावोगाव झाले, पण मंडळ सुटले नाही. गेल्या वर्षी पुण्याच्या मैत्रिणींनी नारूच्या कामासाठी नाटकाचा खेळ लावला (राजा झालेल्या इंदूच्या मिशा दुसऱ्या अंकात गळून पडल्या, आणि थाळीत तिकिटांहून जास्त जमले) आणि त्या पैशांचा मांजरपाट मला पाठवला. काम अगदी सोपे. पाणी कापडातून गाळून प्यावे, म्हणजे किडे पोटात जात नाहीत आणि पायातून नारूचा दोऱ्यासारखा जंत निघत नाही. बाटलीतले किडे मी शेजारच्या सखुबाईंना उजेडात धरून दाखवले. त्या म्हणाल्या, "बाई, काहून दाखवलं? काल परवंतर हेच पानी गोड लागत होतं."

नवरात्रात मी तुकडे वाटायला काढले, तर पांढरे कापड सवाष्णीला देते म्हणून सगळ्या मागे सरल्या. मला वाटले, हिंगोलीत हळदीला काय तोटा? सगळे तुकडे हळदीत बुडवले, काठाला तांबडा दोरा घातला. मग मात्र बायकांनी डोळ्याला लावून घेतले. घागरीच्या तोंडाला मात्र एकही बांधला नाही. पिवळे, कोरे, तांबड्या काठाचे ते कापड, म्हणजे खणच की. तो पेटीत गेला आणि हळदीकुंकवाला पुढचीच्या ओटीत. तिच्याकडून तिसरीच्या. पाणी न बघता माझा मांजरपाट सगळा तालुका फिरला, आणि संक्रांतीला तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याच ओटीत येऊन पडला. घालणाऱ्या आपल्याच घरच्या द्वारकावहिनी. वर म्हणाल्या, "चांगल्या घरून आलाय वन्सं, जपून ठेवा."

मी हसले, आणि घरी येऊन रडलेही. इंदूच्या मिशांची आठवण येत होती.

मग उपाय सुचला. नेसून विरलेले धोतर ओटीत घालायची कुणाची छाती नाही. म्हणून मी बायांना सांगितले, नवऱ्याचे जुने धोतर फाडून चौपदरी करा आणि घागरीला बांधा. आता दगडोबा सावकार सांगत हिंडतात की मंडळाने बाजारपेठ नागवी केली. तुमच्याकडे तक्रार त्यांनीच आणली ना? त्यांना सांगा, त्यांच्या घरचे पाणी आता इतके स्वच्छ आहे की त्यात त्यांना आपला चेहरा दिसेल. तकलीफ झाल्यास मंडळ जबाबदार नाही.

लोक हसतात, असे आपण लिहिता. हसू देत. नाटकातही हसलेच होते.

आपली आज्ञा न मानणारी,
कौसल्या

ता. क. आपली विरलेली धोतरे असतील तेवढी पाठवावीत.

ता. क. दुसरा. हे पत्र पाय उशीवर ठेवून लिहिते आहे. घोट्याच्या वर नारू निघाला आहे, रोज काडीवर थोडा थोडा गुंडाळते. ठणका फार आहे. पाणी प्याल्यापासून तो बाहेर यायला वर्ष लागते. गेल्या वर्षी या दिवसांत मी तुमच्या नर्मदेच्या लग्नाला तुमच्याकडे होते आणि तुमच्या बारवेचे पाणी पीत होते. त्या पायऱ्यांवरून नारूवाले गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरतात, हे तुम्हीही रोज पाहता. त्यांच्या पायातला नारू त्याच पाण्यात पिल्ले सोडतो.

ता. क. तिसरा, आणि खरे पत्र इथूनच. नर्मदा पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येते आहे. तिला ते पाणी मी पिऊ देणार नाही. ती येण्याआधी पायऱ्या बुजवून वर रहाट बसवा. नाही बसवलात तर मी बैलगाडीत पाय बांधून येईन आणि बारवेच्या तोंडाशी बसेन. सेनगावापर्यंत लोक विचारतील, माणिकरावांच्या बहिणीला काय झाले, आणि मी सांगेन.

वहिनींचा खण सोबत परत पाठवते आहे. रागावू नका म्हणावे. मी त्यातून आठवडाभर पाणी गाळले आहे, म्हणजे आता तो कुणाच्या ओटीत जायचा नाही. नर्मदेच्या घागरीला बांधा.