बर्फाला अष्टमीची सुट्टी

चारकोप, कांदिवली
१९८६

प्रिय हरेश्वर,

पत्रात तुला 'तुम्ही' लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला हसू फुटलं. म्हणून घरी बोलते तसंच लिहिते. तर ऐक, आपला बर्फाचा कारखाना वाचला! काल हुकूम हातात पडला आणि किती महिन्यांनी मी पोटभर जेवले. तुझ्या शेवटच्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. मधलं गाळून तिकडे उडी मारू नकोस.

मागच्या पत्रात मी नुसतं रडगाणं गायले होते. विजेची टंचाई म्हणून सरकारने कारखान्यांना आठवड्याचा एक बंद ठरवून दिला आणि आपल्या वसाहतीच्या वाट्याला सोमवार आला. शेजारच्या शिवदासभाऊंना प्लॅस्टिकच्या बादल्या करायच्या, त्यांना सोमवार काय नि बुधवार काय! पण आपली बर्फ गोठवायची मिठाच्या पाण्याची टाकी एकदा कोमट झाली की दुसऱ्या दिवशीही लादी धड धरत नाही. त्यात उधाणाचा सोमवार आला की गोराईच्या होड्या बोंबलांनी भरून येणार आणि आपल्याकडे बर्फाचा नुसता चुरा. अनंता तांडेल दारातच ओरडला, "मावऱ्याला सोमवार कलत नाय गो, मालन!" त्याचे बोंबील माझ्या डोळ्यांदेखत खराब झाले. मग एकेक गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ लागलं. आता कुलूपच लावायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तेवढ्यात कळलं, पुढच्या वर्षाचा नियम करण्याआधी सरकार छोट्या कारखानदारांचं म्हणणं ऐकणार आहे, अंधेरीच्या एका हॉलमध्ये. आपल्या वसाहतीत कुणी हलायला तयार नाही. सरकारने आपणहून बोलावलं म्हणजे मागे इन्स्पेक्टर लागणार, हीच सगळ्यांची खात्री. शिवदासभाऊ मात्र चिडले. "नियम झाल्यावर बोंबलायचं आणि विचारलं की तोंड लपवायचं, हा काय धंदा झाला? चला वहिनी!" मी ठेवणीतलं लुगडं नेसले, वेणी माळली आणि गेले. लग्नाला चाललीस का, असं शेजारच्या जयाने विचारलंसुद्धा.

तिथे जो तो उठून बंदच नको म्हणत होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, बंद खुशाल द्या, फक्त सोमवारी नको, अष्टमी-नवमीला द्या. हॉलभर हशा! समोरच्या मृणालिनीबाई म्हणजे मोठ्या अधिकारी. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, उपास-व्रतांसाठी वीज बंद ठेवता येत नाही." मला आधी कळेचना की ही माणसं हसतात कशाला. अरे, अष्टमी म्हटली की भांग, हे जगात सगळ्यांना ठाऊक असतं असंच मी आजवर समजत होते! मग मी सांगितलं, बाई, उपास माझा नाही, समुद्राचा. अष्टमीला भांग असतो, पाण्याला ओढ नसते, डोलीच्या जाळ्यात मासळी शिरत नाही, होड्या किनाऱ्याला असतात. तेव्हा बर्फ कुणाला हवा? पंधरवड्यात दोन सोमवार घेता, त्याऐवजी हे दोन दिवस सलग घ्या. तुमची वीज तेवढीच वाचेल आणि माझी टाकी एकदाच कोमट होईल. आता बाईच मोठ्याने हसल्या. मला पुढे बोलावून त्यांनी खोदून खोदून विचारलं, चहाही पाजला. तरी मला काही भरवसा नव्हता. सरकारी चहा काय, कुणालाही पाजतात.

पण बाईंनी ऐकलं होतं रे! खाडीकाठच्या बर्फ कारखान्यांना भांगाचा बंद मिळाला. आता पुढच्या बैठकीला यायला अख्खी वसाहत तयार आहे, आणि खाडीत सांडपाणी सोडण्याचा विषय निघाला की तेच आधी खाली बघतील, कारण सोडतात तेच. अनंता काल परत आला, लाद्या घेऊन गेला. मी कंप्रेसरची घरघर ऐकत दारात बसले आणि खूप रडले. आनंदाने रडले, काळजी करू नकोस.

आता तुझा प्रश्न. तिथल्या कंपनीत आणखी दोन वर्षांसाठी सही करू का, असं विचारलं होतंस. कारखाना बुडणार म्हणून मी 'कर' असं लिहून ठेवलं होतं, फक्त टपालाच्या पेटीत टाकवलं नाही. ते फाडून हे लिहायला बसले. सही करू नकोस, हरेश्वर. घरी ये. निघायची तारीख कळव, तिथी मी बघते. जमलं तर अष्टमीला उतर. कारखाना बंद असेल, मला सहार विमानतळावर तुला न्यायला येता येईल.

तुझी वाट बघणारी, तुझीच
मालन