कप्तानाचा तुकडा

प्रिय झान्नी,

बेटाजवळून जाताना तुझं जहाज तीनदा भोंगा वाजवायचं, तो अजून माझ्या कानात आहे. तुझी बायको कालिरोई गच्चीवरून पांढरी चादर हलवायची, आणि मी शेजारच्या अंगणात उगाच लिंबाच्या झाडाला पाणी घालत राहायचो.

जहाजासकट तू बुडालास, त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. शाळेतलं नाटक आठवतं? युद्धानंतर भटकत भटकत घरी परतणारा तो जुन्या महाकाव्यातला राजा मी होतो, कालिरोई माझी राणी, आणि तू तिला मागणी घालायला येऊन फुकट जेवणाऱ्यांपैकी एक. ओळी मला पाठ होत्या, तुला जांभया यायच्या. तरी लग्न तिनं तुझ्याशी केलं. आता तिच्या टेबलाशी फुकट जेवणारा मी आहे.

आज नववर्षाचा, आत नशिबाचं नाणं दडवलेला केक कापला. रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा देवाचा, मग घराचा, मग दर्यावर गेलेल्याचा, म्हणजे तुझा, आणि शेवटी पाहुण्याचा, म्हणजे माझा. सुरी नाण्यावर खटकली ती तुझ्याच तुकड्यात.

"बघ पांतेलिस, यंदाचं नशीबही कप्तानाचंच," ती हसून म्हणाली.

मी न खाताच उठून आलो. बुडालेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? मी करतो.

थांब, दार वाजतंय.

कालिरोई आहे. माझ्या उंबऱ्याशी ती आजवर कधी आली नव्हती. तिच्या हातातल्या रुमालात तुझा तुकडा आहे.

"दरवर्षी मुंग्यांनाच किती घालू? तू खा," म्हणतेय. "आणि दात सांभाळ, नाणं आतच आहे."

तुझ्याच बाकावरचा,
पांतेलिस