भिंगावरचा पडदा

अण्णा, तुमच्या दीपगृहाला आता माणूस लागत नाही. गेल्या महिन्यात कोकणात गेले होते, तेव्हा मुद्दाम टेकडी चढून पाहून आले. मनोरा तसाच आहे, काळ्या दगडाचा, ठेंगणा. इंग्रजांच्या काळात तेलाची वात, मग गॅस, मग वीज, हा इतिहास तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात आणि त्याचा चहा गार करायचात. आता वर सोलरवर चालणारा डब्याएवढा दिवा आहे. तुम्ही रोज पुसायचात ते घागरीएवढं भिंग काढून नेलंय. तिथं उभं राहून मला तुमचाच राग आला.

आई खोडदला माझ्याकडे असते. तिला कालचं आठवत नाही, पण सकाळ झाली की ती घाईघाईनं खिडकीला चादर लावते. भिंगातून ऊन आत एकवटलं तर दिव्याची खोली पेटेल, म्हणून उजाडताच पडदा ओढायचा, हे तुम्हीच तिला शिकवलंत. आंबेगावच्या डोंगरातून आलेली नवी नवरी ती. एकदा पडदा राहिला, तर दिवसभर तिच्याशी बोलला नाहीत. चादर लावली तरी ती अजून दोन-दोनदा कोपरे चाचपून बघते. एवढा धाक कशाला घालायचा, अण्णा?

आमच्या शिवारापलीकडची रेडिओ दुर्बिणीची पांढरी अँटेना दिव्यासारखी वळताना दिसली की ती विचारते, "तुजं अण्णा तिकडं ड्युटीला हायेत का गं?" मी एकदा खरं सांगितलं, तुम्ही केव्हाच गेलात म्हणून. ती त्याच दिवशी विधवा झाल्यासारखी रडली, आणि संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं.

म्हणून त्या खेपेला मी दीपगृहाचा फोटो काढून आणला. म्हटलं, निदान धाक तरी जाईल. "बघ आई, भिंगच न्हाई आता. पडद्याचं काम संपलं."

तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला. "मंग खाली येऊ दे की त्यांना. वर काय करत्यात?"

"येतील," मी म्हणाले. एरवी सगळं विसरणारी आई तेवढं मात्र विसरेना. तिनं चादर सोडली आणि ती दारात बसायला लागली. जेवायला बोलावलं तर म्हणायची, "त्यांना येऊ दे." लई जीव तुटायचा, अण्णा.

आज सकाळी मीच चादर तिच्या हातात दिली. खोटं सांगितलं, भिंग परत बसवलंय. ती लगबगीनं उठली, पडदा लावला आणि दोन घास जेवली. तुमच्या धाकानंच तिला जेवू घातलं म्हणायचं.

हा कागद कुठं टाकणार, माझ्यापाशीच राहील. पण एक सांगते. चादरीचं दुसरं टोक मी धरलं होतं, आणि ती नीट लागली का, हे मी वर बघून तुम्हाला विचारलं.