बाबा बसले

भिंगरे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून तुझ्या कोच बाईंनी सकाळी मला फोन केला. म्हणाल्या, "तुम्ही रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसता, त्याचा फार उपयोग होतोय." मी नुसतं हो म्हणालो. तुझ्यापायी खोटं बोललो.

राग तुझ्या एडीएचडीचा नाही. तुला वेळेचा अंदाज येत नाही, म्हणून कामाचे तुकडे करायचे, पंचवीस मिनिटांचा गजर लावायचा आणि शेजारी कुणीतरी गप्प बसायचं, हे बाईंनी मलाही समजावलंय. आई उसवलेलं शिवत बसायची. ती गेल्यापासून तीन महिने तू बाईंना रोज दाखवायच्या तक्त्यात "बाबा बसले" लिहितेस. मला एकदा तरी विचारलंस? मी काय नाही म्हणालो असतो?

तक्ता आत्ता वाचला. प्रकल्पाच्या बारा तुकड्यांपैकी दोनच झालेत. शुक्रवारी दिला नाहीस तर वर्ष जाईल. आजच्या रकान्यातही "बाबा बसले" लिहून मोकळी झालीस. जन्मात पहिल्यांदा काहीतरी वेळेआधी केलंस, तेही हे!

आईची खुर्ची मीच माळ्यावर टाकली होती. बघवत नव्हती. ते तुला विचारून केलं नव्हतं, ती चूक माझी. आता काढून तुझ्या टेबलाशी ठेवली आहे.

कामावरून सहाला येईन. गजर लावून ठेव. मला शिवता येत नाही, नुसताच बसेन. चिडलेलाच असेन, पण बोलणार नाही.

आजच्या रकान्यातलं खोडू नकोस.

बाबा