कल्ले बघून सांगतो

१० नोव्हेंबर, सोमवार
हॉटेलच्या टाकीपुढे स्टूल ओढलं आणि आधी सगळ्यांची विचारपूस केली. थोरल्या गोल्डफिशा, बरो आसस मां? धाकट्या, भूक लागता काय रे? काळ्या मोले, तुझा कितवा महिना? एंजल, तू गप्प का गो? तळातला सकरफिश उत्तर देत नाही. स्वभाव एकेकाचा.

हॉटेल किशोरीचं. दुपारी बांगडा-थाळीला रांग लागते. थांबलेली पोरं रडू नयेत म्हणून ही टाकी, आणि टाकीची सर्व्हिस माझ्याकडे. सोमवारी मासे खाणारं गिऱ्हाईक नसतं, म्हणून आमचा वार सोमवार. आज किशोरीला शब्द दिला : माझ्या हाताखाली मासा मरणार नाही. मेला तर जबाबदारी माझी.

कारण माझ्याकडे पद्धत आहे. शहरातले लोक पाण्याचं टेस्ट किट घेऊन बसतात. आपण बाजारात काय करतो? कल्ला उचलून बघतो. लाल तर ताजा. मग जिवंत माशाचा का बघू नये? एकेकाला जाळीने काढायचं, पंचावर ठेवायचं, कल्ला उचलायचा, परत सोडायचं. आज सगळे लालभडक. चेकअप ओके.

११ नोव्हेंबर
किशोरीचा फोन. एंजल गेली. म्हणाली, "काका, काल तर बरी होती." तेच तर मी म्हणतो! कल्ला लाल होता. म्हणजे गेली ती उत्तम तब्येतीत. कारण उघड आहे : नजर. रांगेतले लोक उपाशीपोटी बघतात.

१७ नोव्हेंबर
टाकीवर लिंबू-मिरची बांधली. पाण्यात पडली. काढली, पण चहा झाल्यावर. जास्त काळजी म्हणून चेकअप दोनदा. मोली हातातून निसटून काउंटरखाली गेली. शोधली, पुसली, सोडली. किशोरी म्हणाली, "काका, मासो कोण पुसता काय?" फडका धुतलेला होता, असं स्पष्ट सांगितलं.

१८ नोव्हेंबर, सकाळी
मोली आणि धाकटा गोल्डफिश. दोघंही. कारण : तळणीचा वास. भाऊबंद कढईत बघून कुणाचं मन लागेल? किशोरीला हे पटलं नाही. म्हणाली, "लोक इचारतत, मेलेलो मासो थाळीत घालतास काय? एक बाई रांगेतसून उठली नि गेली. आणखी एक गेलो तर टाकी बंद, काका."

टाकी बंद म्हणजे मी बंद. गावात लोक मला 'टाकीवाले काका' म्हणतात. नुसतं 'काका' तर कुणीही असतो.

रात्री यशोदा वाढता वाढता म्हणाली, "तुमका कोणी पाण्यात बुडवून तपासल्यान, तर तुम्ही जगशात?" बायकोला शास्त्र समजत नाही. सोलकढी छान होती, म्हणून वाद घातला नाही.

२३ नोव्हेंबर
संकल्प : उद्या कुणालाही हात लावायचा नाही. पाणी बदलायचं, काच पुसायची, सरळ घर.

२४ नोव्हेंबर
संकल्प पाळला. जवळजवळ. थोरला कोपऱ्यात उदास दिसला. फक्त त्याचाच बघितला. एक कल्ला लाल निघाला, म्हणून खात्रीसाठी दुसरा.

२५ नोव्हेंबर
थोरला गेला. उरला फक्त सकरफिश. त्याला मी कधीच बाहेर काढत नाही, अंग खडबडीत, बोटं सोलतात. तोच एकटा कसा जगला, हे कोडं मोठमोठ्यांना सुटायचं नाही.

१ डिसेंबर, सोमवार
गेलो तर टाकीच्या जागी टीव्ही. आत रंगीत मासे, ढिगाने. सकरफिश किशोरीने घरी नेला. म्हणाली, "काका, रागाव नकात. हे मरनत नाय. बसा, चाय घेवा." घेतला. साखर जास्त घातली होती पोरीने. सवयीने बोट काचेकडे जात होतं, तेवढ्यात लाईट गेली. सगळे मासे एका झटक्यात गेले. किशोरी माझ्याकडे बघायला लागली.

माका कित्याक बघतंस गो? मी हातसुद्धा लावला नव्हता!

रात्री
किशोरीला मेसेज केला : "टीव्हीवर धूळ फार बसते. सोमवारी येऊन पुसून देईन. पैसे नकोत, चाय पुरे. कल्ले बघणार नाही, शब्द देतो. लवकर उत्तर धाड गो बाय."