अज्ञात बुवा

जयवंतदादा,

ऐन गणपतीच्या तोंडावर तू आपलं घाटकोपरचं भजनी मंडळ सोडून मालाडवाल्यांचा बुवा झालास, तेव्हा माझं डोकंच फिरलं. मंडळाची सगळी रेकॉर्डिंग माझ्या कॉम्प्युटरवर. प्रत्येक भजनाच्या माहितीतून गायक म्हणून असलेलं तुझं नाव उडवलं आणि तिथे टाकलं, 'अज्ञात'. पखवाजाला माझं नाव मात्र ठेवलं.

वाट लागली रे! यंदा आपल्या घरी आरतीनंतर तीच भजनं लावली. मोबाईलवर नाव वाचून लोक म्हणायला लागले, "अज्ञात बुवांचं अजून एक लावा ना!" मंडळातल्या नव्या मेंबरांना ते कोणीतरी कधीच देवाघरी गेलेले बुवा वाटतात. एकाने तर हार घालायला त्यांचा फोटो मागितला.

पण आई आत मोदक वळत होती. पहिल्याच आलापाला ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, दारात तुझ्या चपला शोधल्या आणि मला म्हणाली, "जयवंत इलो आणि माका सांगूक नाय?"

हे तुला पाठवणार नाही, उगाच भाव खाशील. नाव परत टाकतोय. चपला तेवढ्या तू आणून ठेव.

अजूनही चिडलेला,
वासू